पलीकडे पहिला भेटलेला माणूस

सेसिलिया वहिनींचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो. "राजरत्न, येत्या रविवारी वर्ष होतं. मला पळसखिंडीत घेऊन चल. सायकलवर जायचं, गिल्बर्ट गेलेला तसंच." वहिनी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण ओळखीच्या सगळ्यांना अरे-तुरेच करतात. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला झेपायचं नाही ते." त्या म्हणाल्या, "चार महिने झाले, रोज सकाळी माजिवड्याहून गायमुखपर्यंत जाऊन येते मी. त्याच्याच सायकलवर. तू तुझं बघ."

माझं बघायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, उगाच कोणी मला भला माणूस समजायला नको. पळसखिंड मी कधीच उतरलो नाही. चढलो, वर उभा राहिलो, घाबरलो आणि आल्या वाटेने परत आलो. घरी येऊन आमच्या भटकंतीच्या वहीत मात्र लिहिलं की उतरलो. ते वाचून माझा मित्र, वहिनींचा नवरा गिल्बर्ट, तिथे गेला आणि मेला. वर्षभर हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आता वहिनींना तिथे घेऊन जायचं आणि त्यांच्यापासून हे लपवायचं, की सांगायचं, एवढाच प्रश्न होता. रविवारपर्यंत मी पाच वेळा सांगायचं ठरवलं आणि पाच वेळा रद्द केलं.

गिल्बर्ट माजिवडा गावठाणातला, लिफ्ट दुरुस्त करणारा. मी डोंबिवलीचा, एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात क्वालिटीला. अकरा वर्षांपूर्वी शीळफाट्याजवळ माझी ट्यूब फाटली, तेव्हा त्याने न विचारता स्वतःची ट्यूब काढून दिली आणि वर माझ्या पंपाला नावं ठेवली. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रविवार आम्ही एकत्र घालवला.

आमचं वेड जरा खालच्या दर्जाचं होतं. लोक किल्ल्यांवर जातात, सुळके चढतात, झेंड्याजवळ फोटो काढतात. आम्ही खिंडी शोधायचो. मलंगगडाच्या रांगेत, बदलापूरच्या मागे, मुरबाडच्या वाटेवर, जिथे जिथे दोन डोंगरांच्या मध्ये जरा खोलगट दिसेल तिथे. दोनशे मीटर उंची, फार तर साडेतीनशे. ज्यांना कोणी विचारत नाही अशा. जिथवर चाक फिरेल तिथवर सायकलवर जायचं, पुढे सायकल खांद्यावर घ्यायची. माझी बायको प्रीती म्हणायची, "जग सायकलवर बसतं, तुमच्यावर सायकल बसते."

नियम दोनच होते. एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूला उतरायचं. आल्या वाटेने परत फिरलं तर खिंड झाली नाही. दुसरा नियम गिल्बर्टने काढलेला. पलीकडे उतरल्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याला नाव विचारायचं आणि ते वहीत लिहायचं. पुरावा तोच. फोटो त्याला मान्य नव्हता. "फोटो वरून पण काढता येतो रे. माणूस खाली उतरल्यावरच भेटतो."

वही एकच होती, दोनशे पानी. एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. जो आधी जाईल त्याने मागच्यासाठी वाट लिहून ठेवायची. अजून पाठ आहेत मला त्यातल्या ओळी. 'पलीकडे पहिला भेटलेला माणूस: रामा. म्हशी पाण्यावर नेत होता. तंबाखू मागितली, नव्हती.' 'पलीकडे पहिला भेटलेला माणूस: रंगूबाई. करवंदं विकत होती. नाव सांगायच्या आधी आमचं विचारलं.'

गिल्बर्टचा लिहिलेल्यावर फार विश्वास. लिफ्टच्या मशीनरूममध्ये कार्ड टांगलेलं असतं. त्यावर आधीच्या मेकॅनिकने 'ब्रेक तपासला' असं लिहिलं असेल तर हा निमूटपणे खाली खड्ड्यात उतरायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, कोणी न तपासताच लिहिलं असलं तर?" तर म्हणाला, "असं कोण लिहील? खाली माणूस उतरणार असतो ना." हे त्याने मला नेवाळीच्या टपरीवर वडापाव खाताना सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती. कारखान्यात टेस्ट न करता रिपोर्ट भरणाऱ्या दोघांना मी स्वतः मेमो दिलेला आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही चाळीस-चाळीस खिंडींवर बरोबरीत होतो. बक्षीस काही नव्हतं, पण दोन पन्नाशीचे पुरुष एकमेकांशी कशावरून चढाओढ करतील याचा काही नेम नसतो. नकाशावर पळसखिंड मीच आधी बघितली होती. त्याला न सांगता एकटा गेलो.

चढण सोपी होती. पायथ्याच्या वाडीपर्यंत डांबर, पुढे बैलगाडीची वाट, शेवटचा तास सायकल खांद्यावर. वर पोचलो आणि पलीकडे बघितलं. पलीकडे वाट नव्हतीच. डावीकडे सुट्या दगडांनी भरलेली एक घळ होती, तिच्यात दोन ठिकाणी कोरड्या धबधब्याचे उभे टप्पे, आणि फार खाली एका वाडीची कौलं. सायकल घेऊन मी दहा पावलं उतरलो. पायाखालचा एक दगड निसटला. तो बराच वेळ पडत राहिला, मी ऐकत राहिलो. मग मी चार पायांवर परत वर आलो.

घाबरून मागे फिरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला वाटली. घरी आलो, अंघोळ केली, वही घेऊन बसलो. 'परत फिरलो' असं लिहायला पेन उघडलं आणि लिहिलं भलतंच. '४१. पळसखिंड. वरून डावीकडच्या घळीने उतरावे. दगड सुटे आहेत, पण वाट सोपी. पलीकडे पहिला भेटलेला माणूस: शेवंती. डोक्यावर मोळी होती. पाणी पाजलं.' समोर बुद्धमूर्तीपाशी प्रीतीने शेवंतीची फुलं ठेवली होती, त्यावरून नाव सुचलं. मोळी आणि पाणी माझ्या पदरचं. तेव्हापासून विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझे नुसते ओठ हलतात.

वही गिल्बर्टकडे गेली आणि त्याचा फोन आला. "मारलीस रे! मला न सांगता! या रविवारी मी जातो. चल ना, वाट दाखव." मी म्हटलं, ड्युटी आहे. ड्युटी नव्हती. बरोबर गेलो असतो तर वर पोचताच त्याला सगळं कळलं असतं. नुसतं "जाऊ नको" म्हणालो असतो तरी तो थांबला असता, पण मग का ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "सांभाळून जा." त्या रविवारी मी घरी बसून मटार सोलत होतो.

संध्याकाळी सातला वहिनींचा फोन आला की गिल्बर्ट आला नाही, मोबाइलही लागत नाही. पोलिसांना जागा मीच सांगितली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी पोचायच्या आत पलीकडच्या वाडीतल्या माणसांनी त्याला खाली आणलं होतं. पंचनाम्यात 'पाय घसरून' असं आलं. सॅकमधली वही वहिनींकडे गेली. मी ती कधी मागितली नाही. खोट्याच्या कपाळी गोटा, म्हणतात. इथे खोटा मी होतो आणि गोटा गिल्बर्टच्या कपाळी बसला.

रविवारी सहा वाजता वहिनी काटई नाक्यावर उभ्या होत्या. सायकलचं पुढचं चाक नवीन होतं, सीट खाली घेतलेली. सॅकमध्ये त्यांच्या भावाने, लिओनेलने, घडवलेला लाकडी क्रॉस होता. आणि एक स्टीलचा डबा.

"फुगे आहेत," वहिनी म्हणाल्या. "काल रात्री तळले. शेवंतीसाठी." त्यांच्याकडे सणाला, लग्नाला मैद्याचे गोल फुगे तळतात, गिल्बर्ट रविवारी हमखास आणायचा.

मी वाकून माझ्या टायरमधली हवा दाबून बघितली.

"वर क्रॉस ठेवू, मग रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या वाडीत जाऊ. तिने तुला पाणी पाजलेलं ना? मग गिल्बर्टला पण पाजलं असेल. शेवटचं त्याला तिनेच बघितलं असेल, राजरत्न. मला तिला भेटायचंय."

नेवाळीपर्यंत मी पुढे राहिलो, म्हणजे बोलावं लागू नये. पायथ्याच्या वाडीत सायकली ठेवल्या आणि चालायला लागलो. वहिनी दमत होत्या, पण थांबत नव्हत्या. थांबल्या की प्रश्न विचारत होत्या.

"केवढी आहे रे शेवंती?"

"असेल पन्नाशीची."

"काय बोलली तुझ्याशी?"

"काही नाही. दमलात, बसा म्हणाली."

मेलेल्या मित्राच्या बायकोला मी जन्मालाच न आलेल्या बाईचं बोलणं सांगत होतो. स्वतःची किळस आली. तरी जीभ थांबेना, एकदा सवय लागली की लागली.

साडेनऊच्या सुमाराला वर पोचलो. वारा होता. वहिनी घळीच्या तोंडाशी गेल्या आणि बराच वेळ खाली बघत उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "इथून उतरलास तू? सायकल खांद्यावर घेऊन?"

त्यांनी सॅकमधून वही काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली होती, कडा पाण्याने फुगलेल्या.

"तुझ्या एक्केचाळीसच्या खाली त्याने पेन्सिलने लिहिलंय. इथे बसूनच लिहिलं असेल. ऐक. 'सव्वाअकरा. वर पोचलो. डावीकडची घळ बघितली. मला वाट दिसत नाही. पण राजरत्न उतरला आहे, म्हणजे असणार. माझीच नजर कमी पडते. उतरतो.'"

वही मिटून त्या म्हणाल्या, "वर्षभर रोज वाचते मी हे. मला वाटायचं, वय झालेलं त्याचं, डोळे तपासून घे म्हणून मी मागे लागायला पाहिजे होतं. आज बघते तर मला पण वाट दिसत नाही. तू दाखव ना."

"वाट नाही, वहिनी," मी म्हटलं. "मी उतरलो नव्हतो."

मग सगळंच बाहेर आलं. घाबरलो ते, परत फिरलो ते, फुलांवरून शेवंती रचली ते, आणि ड्युटी नव्हती, घरी मटार सोलत होतो, तेही. बोलताना मी रडत होतो आणि वहिनी रडत नव्हत्या.

"पेटीला खांदा दिलेलास तू," त्या म्हणाल्या.

"हो."

"फियोनाला कुशीत घेऊन म्हणालेलास, तुझा बाप माझा भाऊ होता."

"हो."

त्यांनी दगड गोळा करून क्रॉस उभा केला. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, "तू बाजूला हो." मेणबत्ती वाऱ्याने तीनदा विझली. चौथ्यांदा त्यांनी ती पेटवलीच नाही, तशीच प्रार्थना म्हटली. उठताना म्हणाल्या, मला की स्वतःला कोण जाणे, "ढकललं तर नाहीस तू त्याला."

खरं सांगतो, मला हलकं वाटलं. वर्षभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं. वहिनी कधी ना कधी माफ करतील असंही वाटून गेलं. उतरताना चक्क भूक लागली मला.

पायथ्याला आलो. मी विचारलं, "आता घरी जायचं ना?"

"पलीकडे जायचं ठरलेलं. शेवंती नसली तरी वाडी आहे ना? की ती पण तूच रचलीस?"

शीळफाटा, तळोजा असा वळसा घालून तीसएक किलोमीटर पडले. वहिनी पुढे होत्या, मी मागे. दोन वाजून गेले होते. डोंगराच्या या बाजूने ती घळ उभीच्या उभी दिसत होती, वाडीपासून फार लांबही नव्हती. पहिल्याच घरासमोर एक म्हातारा कोयत्याने बांबूच्या कामट्या काढत बसला होता. वहिनींनी सायकल टेकवली आणि त्याला नाव विचारलं.

"गुणाजी."

"गेल्या साली इथे एक सायकलवाला पडलेला. मी त्याची बायको."

गुणाजीने कोयता खाली ठेवला, उठून उभा राहिला. "मीच बगितलं त्यांना, बाई. सकाळी डहाळ्यांचं कवळ तोडाया गेलो तवा. खालच्या टप्प्याखाली व्हते. दगडाला टेकून बसल्यावानी. पाय मोडला व्हता. मला वाटलं झोपलंत."

"पडल्या पडल्याच गेलेला का तो?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नाय, बाई. दुपारधरनं हाका येत व्हत्या. दिस बुडस्तवर. मंग बंद झाल्या."

"तुम्ही ऐकत होतात?" माझा आवाज चढला. चढवायचा मला काय अधिकार होता, पण चढला. "मग गेला का नाहीत? चार पावलांवर आहे ती घळ!"

"वाचवा म्हनला असता तर गेलो असतो ना, भाऊ. सगळी वाडी गेली असती. पन तो बाईचं नाव घेत व्हता. शेवंती, ए शेवंती, असं. आमच्यात शेवंती कोन नाय. त्या घळीनं मानूस कंदी उतरत बी नाय. आमाला वाटलं, लाकडाला आलंय कोनतरी, आपल्या बायकोला हाका मारतंय. दुसऱ्याच्या बायकोच्या हाकंला आपून कशी ओ द्यायची?"

पोलिसांना सांगितलं होतं का हे, असं वहिनींनी विचारलं. गुणाजी म्हणाला, त्यांनी कधी बघितलं ते विचारलं, काय ऐकलं ते विचारलं नाही.

मी सायकलच्या दांड्याला धरून उभा होतो. गिल्बर्ट मोडका पाय घेऊन त्या दगडात बसला आहे आणि त्याला ठाऊक आहे की खाली शेवंती नावाची बाई राहते, भली आहे, पाणी पाजते. माझ्या हस्ताक्षरात लिहिलेलं आहे. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तो तिला बोलावतो आहे.

वहिनींनी डबा काढून गुणाजीच्या हातात दिला. "हे तुमच्यासाठी." मग वही काढली, पेन काढलं आणि दोन्ही माझ्यापुढे धरली.

"लिही. गिल्बर्टची एक्केचाळिसावी. तिकडून चढला, इकडे उतरला. तुमच्या नियमाने खिंड झाली त्याची."

मी लिहिलं. अक्षर लहान मुलासारखं आलं.

"पलीकडे पहिला भेटलेला माणूस?"

"वहिनी..."

"लिही."

'गुणाजी', मी लिहिलं.

"आता वर तुझी ओळ आहे ना, तिच्यासमोर लिही, खोटं आहे म्हणून. खोडू नको, वाचता आली पाहिजे. आणि खाली सही कर. कारखान्यात करतोस तशी, तारखेसकट."

मी सही केली, तारीख घातली. वहिनींनी वही पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. सायकलवर बसताना म्हणाल्या, "माझ्या मागून येऊ नको. मयतीला पण नको, लग्नाला पण नको." आणि डांबरी रस्त्याकडे गेल्या. चढावर त्या उतरल्या नाहीत, उभ्याने पॅडल मारत गेल्या.

गुणाजी डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने तो उघडला नव्हता.

"भाऊ, एक इचारू? ती शेवंती कोन? वर्ष झालं, आमी एकमेकाला इचारतोय."

मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. वहीचा नियम काय, मी काय लिहिलं, का लिहिलं. गिल्बर्टने ते वाचलं होतं, म्हणून या वाडीत शेवंती राहते असंच तो समजत होता, हेही सांगितलं. त्याला वाचता येत नसावं, म्हणून काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्याने घळीकडे बघितलं.

"म्हंजी," गुणाजी म्हणाला, "तो आमालाच हाक मारत व्हता."